रात्रपाळीतून मनूस

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला लागलो की दुसऱ्याच वाक्याला मी त्या विषयावर येतो आणि तू "बाबा, ठेवते आता" म्हणतेस, म्हणून कागद घेतला. आज साखर कारखान्याच्या लॅबमध्ये रात्रपाळी आहे. दोनचा मिक्स ज्यूस बघून झाला, रसातल्या साखरेचे आकडे, म्हणजे ब्रिक्स-पोल, रजिस्टरला चढवले. पुढचा नमुना यायला वेळ आहे. नवा पोरगा पोलॅरिमीटरपाशी बसल्याबसल्या पेंगतोय. पेंगू दे.

आधीच सांगून टाकतो, या पत्रात तुझ्या शुगरविषयी काहीही विचारायचं नाही असं ठरवून बसलोय. दंडावरच्या सेन्सरचे, तुझ्या रक्तातल्या साखरेचे आकडे माझ्या मोबाइलवर येणं तू बंद केलंस. तुझं शरीर, तुझा सेन्सर, तुझा निर्णय. आई तर म्हणाली, "पोरगी सव्वीस वर्षांची झाली, तिच्या रक्तात डोकावणं आता पुरे करा." आईपुढे बोलायची माझी टाप नाही, हे तुला माहीतच आहे.

पण त्या रात्रीचं माझ्या बाजूने एकदा लिहू दे. पावणेतीनला मोबाइलवर ६१, आणि बाण खाली. फोन केला, तू उचलला नाहीस. परत केला. मग हॉस्टेलच्या ऑफिसला लावला, वॉचमन वर आला, दार वाजवलं, अख्खा मजला जागा झाला; आणि तू आत ग्लुकोजचं पाणी पिऊन, फोन सायलेंटवर टाकून, शुगर वर यायची वाट बघत बसलेली. चारचौघींसमोर तुला किती ओशाळं वाटलं ते तू सांगितलंस. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मनू, पुन्हा ६१ दिसला आणि फोन उचलला गेला नाही, तर मी पुन्हा वॉचमनला उठवीन.

आता दिसणारच नाही म्हणा.

बघ, आलोच त्यावर. दुसरं लिहितो.

यंदा गळीत उशिरा सुरू झालं. रानं वाळायला वेळ लागला, तोडणीच्या टोळ्या उशिरा उतरल्या. काल वजनकाट्यावर भांडून एक शेतकरी लॅबच्या दारात टेकला. तोडणी होऊन ऊस तीन दिवस रानात पडून होता, वाहन मिळालं नाही, वजन घटलं. ८६०३२ जातीचा चांगला भरलेला ऊस हो, बघवेना. त्याला चहा दिला आणि म्हटलं, वजनाचं जाऊ दे, आतली साखरही गेली. ऊस तोडला म्हणजे लगेच मेला असं नसतं. कांडीतल्या पेशी श्वास घेत राहतात, आणि त्या श्वासाला लागणारं जळण म्हणजे त्यांनी वर्षभर उन्हात कमावून साठवलेली साखरच. त्यात कापल्या जागेतून जंतू शिरतात, साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि फुटलेल्या साखरेचा दाणा काही धरत नाही. तो म्हणाला, "साहेब, तुमचं ते राहू द्या, बिल किती निघंल तेवढं सांगा."

मी त्याला हे सांगत होतो तेव्हा डोक्यात काय चाललं होतं, ते तुला कळलं असेलच.

तू सहावीत होतीस. मुलीचं वजन उतरतंय, पाणी घटाघटा पितेय, रात्री चारदा उठतेय. आणि मग ती सकाळ, जेव्हा तू उठेचनास. गाडीत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तुझ्या श्वासाला एक गोडसर, उग्र वास येत होता. आई म्हणाली, हिने कुठलं फळ खाल्लं? पण लॅबमधली काचेची भांडी वर्षानुवर्षं ॲसिटोननं धुणारा माणूस मी. तो वास मी ओळखला आणि माझे हातपाय गार पडले. माझ्या पोरीच्या श्वासात ॲसिटोन कशाला येईल, एवढंच कळेना.

ते डॉक्टरांनी नंतर आयसीयूच्या दारात उभ्याउभ्या सांगितलं. टाइप वन मधुमेह. रक्तात साखर पाचशेच्या वर, आणि तरी स्नायू उपाशी. पेशीच्या आत ग्लुकोज घेणारी प्रथिनं आतच दडून राहतात. इन्सुलिनचा निरोप पोचला तरच ती पृष्ठभागावर येतात. निरोप देणाराच संपला होता. मग शरीर समजतं, अन्नच नाही. ते चरबी फोडायला घेतं, लिव्हर त्या चरबीचे कीटोन करतं, रक्त आंबट होत जातं आणि ॲसिटोन श्वासातून बाहेर पडतो. आईला त्यातलं एवढंच ऐकू आलं की पोरगी उपाशी होती. ती अजून म्हणते ना, "माझ्या घरात माझं लेकरू उपाशी राहिलं." तिला किती समजावलं, तो उपास तसला नव्हे. पण नाही.

आणि आजी! आजीने त्याच आठवड्यात साखरेचा डबा उचलून शेजारी देऊन टाकला. कारखान्याच्या केमिस्टच्या घरात साखर नाही म्हणून कॉलनीत हसले लोक. पुढे काही दिवसांतच तुला पहिला हायपो झाला, म्हणजे साखर एकदम खाली, रात्री, आणि मी बनियनवर वाटी घेऊन त्याच शेजारणीच्या दारात. तिने काही न विचारता डबा पुढे केला.

सगळं रात्रीच का होतं, याचा शोध मी तेव्हापासून घेतोय.

तुझ्यामुळे वाचायला लागलो. पॅरिसच्या क्लॉद बेर्नारची गोष्ट तुला सांगितलेली आठवते? १८५५ साली त्याने जनावराचं लिव्हर पाण्याने धुऊन धुऊन काढलं, साखरेचा मागमूस राहीना इतकं. ते तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर लिव्हरमध्ये पुन्हा साखर. म्हणजे तिथे काहीतरी साठवलेलं होतं, आणि त्यातून ती सुटत होती. दोन वर्षांनी त्याने ते वेगळं काढलं, तेच ग्लायकोजेन. मला तो माणूस आवडतो. साखर कुठून येते हे हुडकायला आधी ती सगळी धुऊन टाकायची, ही शुद्ध लॅबवाल्याची बुद्धी.

मोठ्या माणसाच्या लिव्हरमध्ये हे ग्लायकोजेन साधारण शंभर ग्रॅम मावतं, स्नायूंत मिळून त्याच्या तिप्पट-चौपट. मला वाटायचं, वा, म्हणजे पाचशे ग्रॅम शिल्लक आहे की! तू नववीत असताना माझा हा हिशेब खोडलास. स्नायूकडे शेवटचं ते एन्झाइमच नसतं, म्हणून त्याच्या ग्लायकोजेनचं ग्लुकोज होऊन रक्तात परत येऊ शकत नाही. ते तिथेच वापरायचं. मी म्हटलं, म्हणजे लिव्हर हे कारखान्याचं गोदाम आणि स्नायू म्हणजे सभासद; सवलतीची साखर घरी नेली की ती काही गोदामात परत यायची नाही. तू हसलीस आणि म्हणालीस, "बाबा, परीक्षेत असं लिहिलं तर मार्क जातील." पण मला ते तेव्हा पक्कं कळलं, आणि त्याच क्षणी भीतीही वाढली. कारण मेंदू सभासद नाही. त्याच्यापाशी साठा नाहीच म्हटलं तरी चालेल. वजनाने दोन टक्के, खातो शरीराच्या वीस टक्के, आणि तेही रक्तात येईल त्यातून, घटकाघटकाला.

म्हणून तुझ्या बॅडमिंटनची मला धास्ती. खेळू नको असं मी कधी म्हटलं? म्हटलं असेल एकदा. पण संध्याकाळी दोन तास खेळलीस की स्नायूंचं ग्लायकोजेन उतरतं, आणि मग पुढे रात्रभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, ते रक्तातली साखर ओढून स्वतःचा साठा भरत राहतात, इन्सुलिन थोडं असलं तरी. कोर्टवर शुगर १४० असते, मैत्रिणी टाळ्या देतात, आणि खाली येते ती झोपेत तीन वाजता. आमच्यासारख्यांचं इन्सुलिन अशा वेळी आपोआप कमी होतं आणि लिव्हर मोकळं होतं. तुझं टोचलेलं असतं. टोचलेलं मागे घेता येत नाही. ते लिव्हरला साखर सोडू देत नाही आणि चरबीही फुटू देत नाही. सगळे साठे असून नसल्यासारखे. आणि एवढ्या वर्षांनंतर शुगर उतरली तरी तुझ्या शरीरातलं ग्लुकॅगॉन, लिव्हरला साखर सोडायला सांगणारं संप्रेरक, नीटसं वर येत नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलंय. ज्या दिवशी मॅच असेल त्या दिवशी रात्रीचा डोस कमी, झोपताना काहीतरी पोटात, आणि तीनचा अलार्म. अलार्म झोपेत बंद करायची तुझी सवय दहावीपासूनची आहे, हे विसरू नकोस. आणि एकादशी! आजीच्या नावाने तू धरतेस ते तिला पोचतं, पण दिवसभराच्या उपासाने लिव्हर रिकामं होतं, आणि रिकाम्या लिव्हरवर ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन देऊनही उपयोग नाही, कारण ते सोडवणार काय? दारूचंही तेच. तुम्ही मुलं पार्टीत घेता की नाही, मला विचारायचं नाही. घेत असाल तर दारू लिव्हरला नवीन ग्लुकोज बनवू देत नाही, आणि पडलेल्या माणसाला लोक प्यायलाय म्हणून तसाच झोपू देतात. एवढंच.

माफ कर. शिकवणी झाली. मायटोकॉन्ड्रियावर पीएचडी करणाऱ्या मुलीला बीएस्सी सेकंड क्लास बाप लिव्हर शिकवतोय. अडीचचा नमुना घेऊन येतो, थांब.

आलो. पोल बरा आहे. तो पोरगा उठला आणि विचारत होता, साहेब, काय लिहिताय? म्हटलं, रिपोर्ट.

तुझ्या सेमिनारचा व्हिडिओ मी किती वेळा बघितला ते सांगत नाही, तू परत मला वेड्यात काढशील. कोल्हापूरच्या काकांना पाठवला, त्यांनी "छान" लिहून दोन नमस्काराचे हात टाकले. इंग्रजी भराभर जातं तुझं, तरी बरंचसं समजलं. अंगात एका वेळी एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, असतं ते मोजक्या ग्रॅमांत, आणि दिवसभरात आपण ते वापरतो आपल्या वजनाइतकं. म्हणजे तेच तेच रेणू मोडून पुन्हा जोडायचे, दिवसातून शेकडो वेळा. साठा चरबीत, ग्लायकोजेनमध्ये. एटीपी काही साठवून ठेवायचं नसतंच, ते हातोहात फिरायचं. हे मला आधी कधीच नीट कळलं नव्हतं. आणि मग तू एटीपी बनवणारं ते फिरणारं प्रथिन दाखवलंस. प्रोटॉन मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यातून वाहतात आणि त्या जोरावर ते सेकंदाला शंभराहून अधिक वेळा गरगर फिरतं, एका फेऱ्यात तीन एटीपी. १९६१ मध्ये पीटर मिचेलने पडद्यातून वाहणाऱ्या प्रोटॉनची कल्पना मांडली तेव्हा कित्येकांनी ती मानली नाही, आणि १९७८ ला त्याच माणसाला नोबेल, हे सांगताना तुझा आवाज चढला होता. त्यानंतर १९९७ साली जपानी लोकांनी त्या प्रथिनाला चमकणारा धागा चिकटवून तो फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, तिथे तर तू थांबलीस आणि नुसती हसलीस. माझ्या लेकीला एवढं मोठं काहीतरी एवढं आवडतं, हे बघून मी कँटीनमध्ये जाऊन सगळ्यांना चहा पाजला. कारण सांगितलं नाही.

फक्त एक राहिलं तुझ्या भाषणात. एटीपी पहिल्यांदा वेगळं काढलं १९२९ साली, जर्मनीत लोमानने आणि त्याच वर्षी बोस्टनला फिस्क आणि सुब्बारावांनी. आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. फिस्क-सुब्बारावांची फॉस्फेट मोजायची पद्धत १९२५ ची. रसातला फॉस्फेट मोजताना मी त्यांचं नाव अजून मनात घेतो. तुझ्या स्लाइडवर लोमान होता, सुब्बाराव नव्हते. पुढच्या वेळी घाल. ही तक्रार नाही.

व्हिडिओत तुझ्या दंडावर सेन्सर दिसतो. बिनबाह्यांचा कुर्ता घातलास आणि तो झाकला नाहीस. आई म्हणाली, बरं दिसतं का? मला फार बरं दिसलं. इलाजासाठी टोरांटोला गेलेली एलिझाबेथ ह्यूज तुला माहीत आहे. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्याची मुलगी. इन्सुलिनच्या आधीचा इलाज म्हणजे उपासमारच, म्हणून १९२२ च्या ऑगस्टमध्ये इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगकडे नेली तेव्हा पंधराव्या वाढदिवसाला टेकलेल्या त्या पोरीचं वजन वीस किलो होतं. तिथून ती आईला पत्रं लिहायची. जगली ती १९८१ पर्यंत, वयाच्या ७३ व्या वर्षापर्यंत, संसार केला, मुलं झाली; आणि हा आजार तिने जवळजवळ सगळ्यांपासून लपवला. तिचं जगणं वाचून मला धीर येतो, लपवणं वाचून पोटात गोळा येतो.

तेव्हा आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते लिहितो, आणि मग थांबतो.

शेअरिंग माझ्याकडे नको. मी हे गोड मानून घेतलंय असं नाही, पण मान्य आहे. इथून बेंगळुरूपर्यंत मी करणार तरी काय होतो, वॉचमनलाच उठवणार. पण तुझ्या मजल्यावरच्या एका कुणाकडे तरी ते असू दे. जिच्याशी तुझं जमतं, जी रात्री वाचत बसते, अशी. ६० च्या खाली गेलं तर तिचा फोन वाजेल एवढंच. बाकी दिवसभराचे आकडे तिलाही नकोत. तिला ग्लुकॅगॉनची डबी कुठे आहे ते दाखव. पावडरमध्ये द्रव कसा मिसळायचा, मांडीत कसं टोचायचं, हे एकदा करून दाखव. तू शुद्धीवर नसलीस तर तोंडात काही घालायचं नाही, हे आवर्जून सांग. आपल्याकडे लोक आधी साखर कोंबायला धावतात. तू म्हणशील, कुणाच्या उपकारात राहायचं नाही. ते मला समजतं, तो स्वभाव तू माझ्याकडूनच घेतलास. पण आपल्या घरातही रात्री वाटी घेऊन कुणाच्या तरी दारात जावंच लागलं होतं.

तिचं नाव मला कळवू नकोस. नंबर तर अजिबात नको, मी फोन करीन.

दादा शनिवारी बेंगळुरूला येतोय, त्याच्याकडे पेनच्या सुया, स्ट्रिपची दोन पाकिटं आणि ग्लुकोजच्या गोळ्या देतो. गोळ्याच वापर, चॉकलेट नको. त्यातली चरबी साखरेला पोटात अडवून ठेवते. साधी साखर चालते, पण ती निम्मी फ्रुक्टोज, तिचा मेंदूला लगेच उपयोग नाही. दाणेदार साखरेविरुद्ध हे मी लिहितोय, चेअरमनसाहेबांना कळलं तर बोनस जाईल.

गाईड सरांना नमस्कार सांग. त्यांनी पेपर परत पाठवला म्हणून मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. आईने डिंकाचे लाडू बांधलेत. एका लाडवात कार्ब किती ते तिने हिशेब करून चिठ्ठीवर लिहिलंय, पण गूळ घालताना मी बघत होतो, मूठ सढळ होती. त्या चिठ्ठीवर विसंबून इन्सुलिन घेऊ नकोस. अर्धा खाऊन बघ आधी.